आधी कर्ज फेडू आणि मग सांगू?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका एकोणतीस वर्षांच्या असून पुण्यात एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करतात, माहेर नाशिकचे. वैशाखात त्यांचा साखरपुडा झाला आणि लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. तीन क्रेडिट कार्डांवर मिळून त्यांचे ४ लाख ८० हजार रुपयांचे देणे साचले आहे आणि ही गोष्ट माहेरी किंवा होणाऱ्या नवऱ्याला ठाऊक नाही. हातात येणारा पगार ६८ हजार. त्यातून तिन्ही कार्डांचा ‘मिनिमम ड्यू’ (किमान भरायची रक्कम) म्हणून दरमहा सुमारे २४ हजार रुपये त्या न चुकता भरतात. गेल्या महिन्यात दोघांनी मिळून ‘कन्फेशन्स ऑफ अ शॉपहोलिक’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला. तो मनमुराद हसला आणि “अशी बायको पदरात पडली तर माणूस रस्त्यावरच यायचा,” असे म्हणाला. या वरवर हसल्या आणि घरी आल्यावर रडल्या. चित्रपटातल्या नायिकेप्रमाणे आधी कर्जातून मोकळे व्हावे आणि मग सांगावे, असे त्यांच्या मनात आहे. त्यासाठी आईने लग्नासाठी घडवून ठेवलेले दागिने गुपचूप तारण ठेवण्याचा त्यांचा विचार आहे. दरम्यान पुण्याजवळच्या रावेतला दोघांच्या नावे सदनिका घेण्यासाठी गृहकर्जाचा अर्ज करू, असा त्याचा आग्रह सुरू झाला आहे. “मला खरेदीचे व्यसन आहे. अशा मुलीने लग्न करावे का? करायचे असेल तर आधी सांगावे की आधी फेडावे?” असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्राचा बराच भाग त्या चित्रपटाने व्यापला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुम्ही आखलेला बेत चित्रपटाच्या कथानकावरून उचललेला आहे आणि मला वाटते, तो त्यातल्या नेमक्या चुकीच्या जागेवरून उचलला आहे.

चित्रपट २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्रदर्शित झाला. सोफी किन्सेला यांच्या कादंबऱ्यांची नायिका लंडनची, दिग्दर्शक पी. जे. होगन यांनी तिला न्यूयॉर्कमध्ये आणून बसवले आणि आयला फिशर हिने ती भूमिका केली. रिबेका ब्लूमवुड हिला काम हवे असते फॅशनच्या मासिकात, मिळते ते बचतीवरच्या मासिकात, आणि स्वतः कर्जात बुडालेली ही मुलगी लोकांना पैसे कसे सांभाळावेत ते शिकवणारे लेख लिहून प्रसिद्ध होते. विनोदाची जात मोठी चांगली आहे आणि हसू येते, हे मान्य केलेच पाहिजे. पण तुम्ही ज्या दृश्यावर बोट ठेवले आहे ते शेवटचे आहे: ती आपले कपडे, पर्सेस, तो प्रसिद्ध हिरवा स्कार्फसुद्धा लिलावात विकते, कर्ज फिटते, आणि मग प्रेमही परत मिळते. यावरून तुम्ही असा क्रम लावलात की आधी फेड, मग क्षमा.

आता त्याच्या आधीचा भाग आठवून पाहा. डेरेक स्मीथ नावाचा वसुलीदार सतत तिच्या मागावर असतो आणि हा कोण, असे संपादक ल्यूक विचारतो तेव्हा ती हा आपला पिच्छा पुरवणारा जुना प्रियकर असल्याचे ठोकून देते. पुढे हाच वसुलीदार दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून उभा राहून सगळ्यांसमोर तिचे कर्ज उघड करतो. ल्यूक जो दुखावतो तो या प्रसंगात, आणि तो रकमेच्या आकड्याने दुखावत नाही. ही गोष्ट आपल्याला तिसऱ्याच माणसाकडून कळली आणि तोवर आपण एका थापेवर विश्वास ठेवत होतो, हे त्याला लागते. मैत्रीण सूझ हिचेही तसेच: तिच्या लग्नातला करवलीचा पोशाख रिबेका गमावते, कारण हातात असलेल्या पैशांतून काय सोडवून आणायचे हे ठरवताना ती मैत्रिणीऐवजी स्वतःची वेळ भागवते. लेखकांनी शेवट गोड केला असला, तरी कथेतली खरी मोडतोड लपवाछपवीने होते आणि लिलाव ती फक्त आवरतो.

तुमच्या बाबतीत वसुलीदाराची गरजच नाही, कारण तुम्ही एकही हप्ता चुकवलेला नाही. पण गृहकर्जाचा अर्ज आहे. दोघांच्या नावे कर्ज मागितले की बँक दोघांचा पतअहवाल मागवते आणि त्यात प्रत्येक कार्डाची मर्यादा, शिल्लक देणे आणि गेल्या काही वर्षांतली परतफेड महिन्यागणिक दिसते. तिन्ही कार्डे मर्यादेच्या टोकापर्यंत वापरलेली असल्याने तुमचा ‘सिबिल’ गुणांक (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारे पतीचे गुण) खाली आला असण्याची शक्यता मोठी आहे आणि कर्ज किती मंजूर होईल, हे सांगताना बँकेचा अधिकारी तुमच्या दोघांच्या समोरच “मॅडमची तीन कार्डे चालू आहेत,” असे सहज म्हणून जाईल. त्याच्या दृष्टीने ते रोजचे काम असेल. तेव्हा तुमच्यासमोर ‘आधी सांगावे की आधी फेडावे’ असा पर्याय प्रत्यक्षात शिल्लकच राहिलेला नाही. तुम्ही सांगायचे की बँकेने सांगायचे, एवढेच ठरायचे आहे.

तो हसला याचा अर्थ तुम्ही फार पुढे नेला आहे, असेही मला वाटते. विनोदी चित्रपट पाहताना माणूस पडद्यावरच्या पात्राला हसतो आणि त्या हसण्यात शेजारी बसलेल्या माणसाबद्दलचा निवाडा नसतो, कारण शेजारच्या माणसाची हकिगत त्याला माहीतच नसते. “रस्त्यावर यायचा” हे वाक्य त्याने तुमच्याबद्दल उच्चारलेले नाही. तुमची गोष्ट कळल्यावर तो काय म्हणेल, हे त्याला किंवा तुम्हाला आज ठाऊक नाही, मलाही नाही. कदाचित तो खरोखरच कठोर बोलेल. पण जे वाक्य त्याने अजून उच्चारलेले नाही त्याची शिक्षा तुम्ही महिनाभर भोगता आहात.

आता चित्रपटात जे जवळजवळ नाहीच, त्याकडे वळू. त्यात दुकाने आहेत, खिडकीतून खुणावणारे पुतळे आहेत, बर्फाच्या लादीत गोठवलेले आणि उंच टाचेच्या बुटाने फोडून बाहेर काढलेले कार्ड आहे. मात्र व्याज नाही. कर्ज ही एक ठरलेली रक्कम आहे, ती जमवली की झाले, असे तिथे गृहीत धरलेले आहे. गंमत अशी की चित्रपट येऊन गेल्यावर तीनच महिन्यांनी, २२ मे २००९ रोजी, अमेरिकेत क्रेडिट कार्डांविषयीचा नवा कायदा झाला आणि फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती काळ लागेल, तसेच ३६ महिन्यांत फेडायचे तर दरमहा किती भरावे लागेल, हे प्रत्येक स्टेटमेंटवर छापणे तिथल्या बँकांना बंधनकारक झाले. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, असा इशारा स्टेटमेंटवर द्यावा लागतो. तो तुमच्याही स्टेटमेंटवर आहे. आपण सगळे तो वगळून थेट ‘मिनिमम ड्यू’च्या चौकटीकडे पाहतो.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे तिन्ही कार्डांचे व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के आहे. ४ लाख ८० हजारांवर हे झाले १६,८०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ३,०२४. म्हणजे तुम्ही भरत असलेल्या २४ हजारांपैकी १९,८२४ रुपये व्याजात आणि करात जातात आणि मुद्दल कमी होते ते ४,१७६ रुपयांनी. या गतीने, एक पैशाचीही नवी खरेदी न करता, किमान रक्कमच (देणे घटते तशी तीही घटते) भरत राहिलात तर देणे निम्मे व्हायलाच पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. शिवाय मागची बाकी शिल्लक असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा आणि पेट्रोल ‘पॉइंट मिळतात म्हणून’ तुम्ही कार्डावर घेता, त्यावर घेतल्या दिवसापासून व्याज लागते. पॉइंटांचे मूल्य त्याच्यापुढे नगण्य आहे. चोवीस हजार भरल्यावर, घरभाडे देऊन आणि नाशिकला पैसे पाठवून जे उरते ते महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही, म्हणून किराणा पुन्हा कार्डावर, आणि त्यामुळे पुढच्या महिन्याचे देणे पुन्हा तेवढेच. हे चक्र तुम्हाला व्यसनासारखे वाटले तर नवल नाही. पण यातला मोठा भाग हिशेबाचा आहे, स्वभावाचा नाही.

आणखी एक वाक्य तुमच्या पत्रात कोपऱ्यात पडलेले आहे. धाकट्या भावाच्या प्रवेशाची फी आणि नाशिकच्या घराचे गळते छत, हे दोन्ही खर्च तुम्ही कार्डावर केलेत आणि आई-बाबांना “बोनस मिळाला” असे सांगितलेत. स्वतःला ‘खरेदीची व्यसनी’ म्हणून घेताना हे दोन्ही खर्च तुम्ही मोजलेच नाहीत. घरची अडचण मुकाट्याने निभावणारी मोठी मुलगी आणि रात्री अकरा वाजता कुर्ते मागवणारी मुलगी या एकच आहेत, हे होणाऱ्या नवऱ्याला सांगतानाही लक्षात असू द्या. वाईट तेवढेच सांगणे हासुद्धा अर्धवट हिशेब आहे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की कर्ज आणि खरेदीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांवरचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा आहे. चित्रपटाने त्या एकाच लिलावात संपवल्या. तुम्हीही एकाच गोल्ड लोनमध्ये संपवू पाहता आहात. तसे केले आणि ओढ तशीच राहिली, तर रिकामी झालेली तीन कार्डे दीड-दोन वर्षांत पुन्हा भरतील आणि त्या वेळी दागिनेही बँकेत असतील.

ओढीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण ‘व्यसन’ हा शब्द तुम्ही ज्या सहजतेने वापरला आहे ती मला खटकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत अनिवार खरेदीचा उल्लेख आहे, म्हणजे ही स्थिती खरी आहे आणि थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पण जो माणूस जास्त खरेदी करतो त्या प्रत्येकाला ती असते असेही नाही. तुमच्या पत्रातल्या काही खुणा विचार करायला लावतात: वरिष्ठांशी खटका उडाल्यावर रात्री ॲप उघडणे, मागवल्यावर काही वेळ हलके वाटणे आणि दुसऱ्या दिवशी शरम वाटणे, कपाटात न उघडलेली पार्सले असणे, पार्सल घरी न मागवता कार्यालयात मागवणे, थांबवायचे ठरवून पुनःपुन्हा न थांबवता येणे. उलट बाजूला हेही आहे की गेल्या वर्षभरात नवी खरेदी बरीच कमी झाली, असे तुम्हीच लिहिले आहे. निदान मी पत्रावरून करू शकत नाही आणि तुम्हीही चित्रपटावरून करू नका. पुण्यात मानसोपचारतज्ज्ञांची वानवा नाही. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन या सवयीबद्दल स्पष्ट बोला. खरेदीच्या आधी मनात काय चालते ते टिपून त्यावर काम करणारी विचार-वर्तन उपचारपद्धती अशा बाबतींत वापरली जाते. प्रत्यक्ष जाण्याचा संकोच वाटत असेल तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. एक बारीकशी गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: खरेदीच्या लाटा येतात त्या काळात झोप फार कमी लागते का, उत्साह अचानक उसळतो का? कारण तसे असेल तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो.

तोवर, बर्फात कार्ड गोठवण्यापेक्षा सोपे उपाय हाताशी आहेत. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करण्याची सोय असते, ती वापरा. खरेदीच्या ॲपांवर जतन करून ठेवलेली कार्डे काढून टाका, ‘पे लेटर’ची खाती बंद करा आणि सूचना बंद करा. रात्रीच्या त्या तासाला ॲप उघडून वस्तू निवडायचा मोह झालाच तर त्या कार्टमध्ये टाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाहा. मोह यामुळे नाहीसा होत नाही, हे मी जाणून आहे. मोह आणि पैसे जाणे यांमध्ये थोडे अंतर पडते, आणि पुष्कळदा तेवढे पुरते.

कर्जाचे काम त्या मानाने रुक्ष आहे आणि म्हणूनच सोपे आहे. समजा, ४ लाख ८० हजारांचे वैयक्तिक कर्ज तुम्हाला वार्षिक १५ टक्के दराने तीन वर्षांसाठी मिळाले. हप्ता येईल सुमारे १६,६४० रुपये, म्हणजे आज भरता त्यापेक्षा सात हजारांनी कमी. आणि आज जे २४ हजार जातातच आहेत ते तसेच भरत राहिलात, तर कर्ज साधारण दोन वर्षांत संपेल. दर १५ ऐवजी २० टक्के मिळाला तरी तीन वर्षांचा हप्ता सुमारे १७,८४० रुपये बसतो. तुम्ही एकही हप्ता चुकवलेला नाही, ही या सगळ्या प्रकरणातली तुमची मोठी जमेची बाजू आहे. ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे आधी विचारा, कंपनीची कर्मचारी पतपेढी असेल तर तिथेही विचारा. दर घटत्या शिलकीवर आहे की ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच आकारलेला, हे लेखी घ्या, कारण ‘फ्लॅट’ दर ऐकायला कमी आणि द्यायला बराच जास्त असतो. प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्कही पाहून घ्या. एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी अर्ज करू नका. प्रत्येक चौकशीची नोंद पतअहवालात होते. त्या अहवालाची एक प्रत सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत मिळते. अर्जापूर्वी ती मागवून वाचा आणि सांगतानाही तीच हाती ठेवा.

कर्ज मिळाले की त्याच आठवड्यात कार्डे फेडून त्यांतली दोन बंद करायची, हा मात्र या योजनेचा न वगळण्याजोगा भाग आहे. देणे शून्य झाल्यावर कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने कामाच्या सात दिवसांत पूर्ण केली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पुढे उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. उरलेल्या एका कार्डाची मर्यादा स्वतःहून कमी करून घ्या. मर्यादा वाढवण्यासाठी बँकेला तुमची स्पष्ट संमती लागते, ती फोनवर गोड बोलणाऱ्या कोणालाही देऊ नका.

‘सेटलमेंट’ करून कमी पैशांत सुटका होते असे कोणी सुचवील. ज्यांना खरोखरच फेडणे अशक्य झाले आहे, नोकरी गेली आहे, आजारपण आले आहे, त्यांच्यासाठी तो मार्ग असू शकतो. तुमच्यासाठी नाही, कारण अहवालात खाते ‘सेटल्ड’ म्हणून राहते आणि गृहकर्जाच्या वेळी ते नडते. अशाच अडचणीत असलेल्या आणि हप्ते थकलेल्या इतर वाचकांसाठी एवढे नमूद करतो की वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, नातेवाइकांना वा मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे तक्रारीला शुल्क नाही.

दागिन्यांविषयी माझे मत तुम्हाला आवडणार नाही. सोने तारण ठेवून कमी व्याजाचे कर्ज घेणे यात वावगे काहीच नाही, आणि वैयक्तिक कर्ज मिळाले नाही तर तो उत्तम पर्याय ठरू शकेल. पण ते आईला सांगून. तिने ते दागिने कोणत्या वर्षी कोणत्या पैशांतून घडवले हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. मार्गशीर्षात लॉकर उघडायचा आहे आणि आज तारण ठेवलेले सोने तोवर सोडवून आणण्याइतके पैसे तुमच्याकडे येणार कुठून, याचे उत्तर तुमच्या पत्रात नाही. लपवलेल्या एका देण्यावर लपवलेले दुसरे देणे चढवून मांडवात उभे राहणे, एवढाच याचा अर्थ होईल.

तेव्हा सांगायचे, आणि आता सांगायचे. गृहकर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी, शक्य तर या महिन्यातच. कसे सांगायचे, याचाही विचार करून ठेवा. रडत, रात्री उशिरा, फोनवर नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी, दोघांनाच निवांत बोलता येईल अशा ठिकाणी, आकडे कागदावर लिहून घेऊन. त्या कागदावर चार गोष्टी असाव्यात: एकूण देणे किती, त्यातली खरेदी किती आणि घरचा खर्च किती, दरमहा काय जाते, आणि तुम्ही ठरवलेला मार्ग कोणता. मार्ग तुम्ही ठरवलेला असणे महत्त्वाचे आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला ही मदतीची याचना वाटणार नाही. “तू फेडशील का?” हा प्रश्न विचारूच नका, त्याने आपणहून देऊ केले तरी त्या दिवशी होकार देऊ नका. लग्नाआधीचे हे कार्डाचे देणे तुमचे एकटीचे आहे, आणि त्याने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केल्याशिवाय बँक ते त्याच्याकडे मागू शकत नाही, हेही त्याला सांगा. पुष्कळ माणसांच्या मनात पहिली भीती तीच असते. चित्रपट पाहून आल्यावर तुम्ही रडलात, हे सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगितले असते.

त्याला लगेच काही सुचणार नाही. त्याला राग येईल, तो काही दिवस कमी बोलेल, आपल्या घरी सांगायचे का असे विचारील. तो वेळ त्याला द्या आणि त्या वेळात दर तासाला संदेश पाठवून त्याच्याकडून क्षमा वसूल करू नका. तो तुम्हाला कार्डाचे स्टेटमेंट दाखवायला सांगेल तर दाखवा. पण पगाराचे खाते, मोबाइल, पासवर्ड सगळे आपल्या ताब्यात दे, असे म्हणू लागला तर तिथे थांबा, कारण आर्थिक पारदर्शकता आणि पहारा यांत फरक आहे. आणि हे लग्न नको, असे तो म्हणाला तर? ते दुःख मोठे असेल, पण तो निर्णय त्याने पूर्ण माहितीवर घेतलेला असेल, आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी हाच प्रसंग आला असता तर तो आजच्यापेक्षा सोपा झाला नसता. “अशा मुलीने लग्न करावे का?” या तुमच्या प्रश्नातले ‘अशी मुलगी’ मला पत्रात कुठे सापडली नाही. जिच्यावर सात पगारांइतके कर्ज आहे, जिने एकही हप्ता चुकवलेला नाही आणि जिला कोणाशी तरी हे बोलायचे आहे, अशी एक मुलगी सापडली. तिने लग्न जरूर करावे. रावेतच्या सदनिकेची घाई मात्र करू नये. कार्डे शून्यावर आल्यानंतर काही महिने हप्ते नीट गेले की गुणांक सावरू लागतो आणि तेव्हा कर्ज बऱ्या दराने मिळण्याची शक्यता वाढते.

हेच पत्र पुरुषानेही लिहिले असते, एवढे जाता जाता. मोबाइल, गाड्या आणि मित्रांच्या पार्ट्या यांवर चढलेल्या कर्जाला आपण ‘हौस’ म्हणतो आणि कुर्त्यांवर चढलेल्या कर्जाला ‘व्यसन’. व्याजाचा दर दोघांना एकच असतो.

राहता राहिले लग्न. बस्ता बांधायला दोन महिन्यांत जाणार आहात, असे तुम्ही लिहिले आहे, आणि तुमच्या वाट्याची खरेदी कार्डावर करून नंतर पाहू, असा विचार त्या ओळीमागे मला दिसला. तसे करू नका. बस्त्याला जाण्याआधी आईला सांगितलेले असू द्या. होणाऱ्या नवऱ्यानंतर दुसरा क्रमांक तिचा. रक्कम आधी ठरवा, रोख किंवा डेबिट कार्ड न्या आणि क्रेडिट कार्डे घरी ठेवा. मानपानाच्या साड्यांची यादी लांबत जाते ती दुकानात बसल्यावर, म्हणून यादी नाशिकलाच करून निघा. पैठणी एकच घ्या, पण मनासारखी घ्या, त्यात काटकसर करून स्वतःला शिक्षा करण्याचे कारण नाही. आहेराच्या पाकिटांत येणारी रक्कम कर्जाच्या मुद्दलात घालायची का, हे त्याच्याशी आणि दोन्ही घरांशी बोलून आधीच ठरवा. घालायचीच झाली, तर अंशतः मुदतपूर्व फेडीचे शुल्क किती आणि कर्ज घेतल्यानंतर किती महिन्यांनी अशी फेड चालते, हे कर्जाच्या करारावर सही करतानाच विचारून ठेवा. बहुतेक जण हा प्रश्न पैसे हातात आल्यावर विचारतात.